देठावरची गाठ

माझे सासरे शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी गावभरच्या पँटी आखूड केल्या, आणि कोणाच्या पोटाचा घेर किती हे त्यांना अजून पाठ आहे. दुकान बंद झालं तरी गळ्यातली टेप उतरली नाही. आता तिने ते परसातले भोपळे मोजतात.

सासूबाई होत्या तेव्हा काम वाटलेलं होतं: लाल भोपळा बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पिकवायचा, त्याचा केक सासूबाईंनी भाजायचा. वर्षअखेरच्या सुट्टीत बाहेरगावची तिन्ही मुलं आपापली बिऱ्हाडं घेऊन आमच्या घरी जमतात, त्यांच्यासाठी. त्या गेल्यावर दोन्ही कामं बाबांकडे आली. एका वर्षी शेजारच्या कुंपणावरच्या शोभेच्या भोपळ्यांचे पराग मधमाश्यांनी आमच्या वेलीवर आणले, आणि त्या बियांचा पुढच्या वर्षीचा भोपळा कडूजहर निघाला. आम्ही दहा जण मान खाली घालून केक चघळत राहिलो. शेवटी बाबांनी स्वतः घास घेतला आणि म्हणाले, "तुमच्यापैकी एकालाही तोंड नाही का रे?"

सासूबाईंच्या हातच्या जुन्या बिया बटणांच्या डब्यात होत्या म्हणून निभावलं. तेव्हापासून बाबांचा मधमाश्यांवर विश्वास नाही. संध्याकाळी मादी फुलाची कळी निळ्या दोऱ्याने बांधायची, सकाळी सोडून नर फुलाचे पराग लावायचे, पुन्हा बांधायची, आणि खूण म्हणून देठाला एक सैल फेर, शिंप्याच्या गाठीने. बी धरायचं ते खूण असलेल्याच भोपळ्याचं.

यंदा डब्यात उंदीर शिरला आणि चारच बिया उरल्या. रुजल्या दोन. वेली फुलल्या, बाबा रोज दोरा घेऊन परसात बसू लागले, आणि बांधलेली फुलं रोज गळू लागली. मधमाश्यांच्या कृपेने दोन फळं धरली होती, पण ती बाबांच्या खिजगणतीत नव्हती. "तिचं बी माझ्या हातून संपणार बहुतेक," ते एकदा जेवताना म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले.

मला बागेतलं ओ की ठो कळत नाही. तरी दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालता घालता मी वेलीपाशी वाकले. मादी फुलाखाली गोटीएवढा इवलासा भोपळा असतो. निळा दोरा असलेल्या एकाही फुलाखाली तो नव्हता. बाबा नर फुलंच बांधत होते. त्यांना जवळचं धड दिसत नव्हतं, आणि चाचपून बघायची सोय नव्हती, कारण कोवळ्या फळाला बोट लावलं की ते गळतं, ही सासूबाईंची ताकीद. बायको असताना त्यांनी तिचं एक ऐकलं नाही, आणि आता हे!

डोळे तपासा म्हणून वर्षभर घरात कटकट चालली होती. आता हे सांगितलं असतं तर त्यांनी दोराच खाली ठेवला असता. मला ते बघवलं नसतं. म्हणून मी त्यांच्याच रिळातला दोरा चोरला. संध्याकाळी कळी बांधली, सकाळी ते दाढी करत असताना पराग लावले, देठाला फेर घातला. पाच फुलांपैकी एक धरलं. बाबांनी ते आपलंच समजून त्याला टेप लावली आणि दिवसभर शीळ घालत हिंडले.

सुट्टीत सगळे जमले. बाबांनी स्वयंपाकघरात भोपळा मांडीवर घेतला, दोरा काढायला बोटं देठावर फिरवली आणि थांबले.

"ही बुटाच्या नाडीची गाठ आहे," ते हळूच म्हणाले.

मी मैदा चाळत राहिले.

"कधीपासून माहीत होतं?"

"फुलं गळायला लागली तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस. कडू केक खाल्लास तशीच."

"हो बाबा."

त्यांनी दोरा सोडवून बाजूला ठेवला. मग भोपळा चिरला, गर बाजूला केला, बिया धुऊन फडक्यावर पसरल्या. बटणांचा डबा पुसून माझ्यापुढे सरकवला.

"हा तू ठेव. सुट्टी संपली की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, तूच चल बरोबर." त्यांनी निळं रीळ काढलं. "पण आधी इकडे बस. तिच्या भोपळ्याला असली गाठ मी चालवून घेणार नाही."

माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे पहिल्या दोन गाठी चुकल्या. त्यांनी अकरा वेळा मारायला लावल्या. केक एका बाजूने करपला, आणि या वेळी सगळ्यांनी तसं तोंडावर सांगितलं.