मणी किती एमएमचा झाला?

दवाखान्यातला कचरा न्यायला रोज गाडी येते, किस्से न्यायला कुणी येत नाही. ते साठतच जातात. मग घरी जेवताना नवरा विचारतो, "आज एवढी का चिडली आहेस?" आता कुठून सुरुवात करू, सांगा!

काम तसं साधं आहे. नाशिकला गंगापूर रोडवर माझा दवाखाना. मूल होत नाही म्हणून जोडपी येतात. पाळी आली की बाईला पाच दिवस गोळ्या द्यायच्या, म्हणजे बीज वाढायला लागतं. मग अधूनमधून सोनोग्राफी करून ते मोजायचं. अठरा-वीस एमएमचं झालं की ते फुटायचं इंजेक्शन द्यायचं आणि सांगायचं, "आता दोन दिवस एकत्र राहा." यात घोळ घालण्यासारखं काय आहे? असं मला सुरुवातीला वाटायचं. बिचारी मी!

मनमाडची एक ताई. सोनोग्राफी म्हटली की पाणी पिऊन जायचं, हे बायकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय! आमची तपासणी खालून होते, त्यासाठी लघवी करून यायचं असतं. फोनवर दोनदा सांगितलं होतं. ही गाडीत बसल्यापासून पाणी पितेय! आली ती घामाघूम, चालता येईना. सिस्टर म्हणाली, "ताई, आधी बाथरूमला जाऊन या." अशी भडकली! "नाशिकरोडपासून दात-ओठ आवळून बसलेय मी, आणि आता म्हणता जाऊन या?"

पुढच्या खेपेला पुन्हा तश्शीच! म्हटलं, अहो का? तर म्हणे, "रिकामं यायला मनाला बरं नाही वाटत, मॅडम."

अंबडच्या कंपनीतला एक इंजिनिअर. बायकोची सोनोग्राफी केली तर बीज वाढलेलंच नाही. विचारलं, "गोळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या."

"पाचही?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग नवरा म्हणाला, "तीन हिनं, दोन मी."

"तुम्ही? तुम्ही कशाला?"

"सगळा त्रास हिनंच का काढायचा, मॅडम?"

मी कपाळाला हात लावला. बायकोचा एवढा विचार करणारा नवरा वर्षातून एखादा भेटतो, आणि तोही येऊन माझा अख्खा महिना वाया घालवतो!

पंचवटीतले एक गुरुजी. बायकोचं इंजेक्शन रविवारी संध्याकाळी ठरलं, तर म्हणाले, "तेव्हा राहुकाळ असतो." म्हटलं, "गुरुजी, बीज पंचांग बघून फुटत नाही!" ते शांत. "बीजाचं तुम्ही बघा, वेळेचं मी बघतो." शेवटी वैतागून मी राहुकाळ टळल्यावर इंजेक्शन दिलं, म्हटलं कटकट नको. आणि सांगितलं, "आता दोन दिवस महत्त्वाचे."

गुरुजी म्हणाले, "उद्यापासून माझं अनुष्ठान आहे. ब्रह्मचर्य पाळावं लागतं."

अहो, मग मी सुई टोचली ती कुणासाठी!

पण या सगळ्यांवर कडी केली ती दिंडोरीच्या दादांनी. द्राक्षबागायतदार माणूस. शर्टाच्या खिशात कायम द्राक्षाचा मणी किती एमएमचा झाला ते मोजायची गोल भोकांची पट्टी. बायको वैशाली. तिला काहीही विचारा, उत्तर हेच देणार. "ताई, पोटात दुखतं का?" "नाय दुखत!" हे दादा!

गोळ्यांचं समजावून सांगितलं, तर लगेच म्हणाले, "म्हंजी मणी फुगवायचं औषध म्हणा की!" मला बरं वाटलं, चला, एकाला तरी समजलं. तिथंच फसले.

पहिल्या महिन्यात वैशालीला पाच बीजं तयार झाली. मी म्हटलं, "या वेळी इंजेक्शन नको. सगळी फुटली तर जुळं, तिळं राहील, तिच्या जिवाला धोका. पुढच्या महिन्यात डोस कमी करू."

"थांबायचं कशाला? विरळणी करा! चार मणी खुडा, एक ठेवा. आमी घडात तेच करतो."

"दादा, ही बाग नाही हो!"

दुसऱ्या महिन्यात एकच बीज, चांगलं एकवीसचं. दादांनी आधी पार्किंगमधून फोनवर आणि मग गावात जाऊन सांगितलं, "एकवीस! एक्स्पोर्टचा माल!" भावकीत पेढे वाटले. बीजाचे पेढे! आणि पाळी आली. मग जो तो विचारणार, एकवीसचा होता, मग गेला कुठं?

त्या वेळी वैशाली एकटीच आत आली. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला. "अख्ख्या गावाला माझ्या पोटातले एमएम म्हाईत झाले, मॅडम. लोक तोंडावर विचारत्यात. आता एकदाच. नाय राहिलं, तर मी परत हितं पाय ठेवणार नाय." मला एवढा राग आला दादांचा!

तिसऱ्या महिन्यात दादांनी साईज विचारली नाही. इंजेक्शन झालं. पाळी चुकली, टेस्टही पॉझिटिव्ह आली. पण नुसत्या टेस्टवर भागत नाही, ठोके दिसावे लागतात.

त्यासाठी दोघं आले. दादांच्या खिशात पट्टी नव्हती. वैशाली टेबलावर, दादा तिच्या उशाशी. स्क्रीनवर इवलासा जीव दिसला, आणि त्यात ठोके, लकलक लकलक. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

मी बाळाची लांबी मोजायला घेतली, तसे दादा ओरडले, "मॅडम, मोजू नका!"

"अहो, मोजावंच लागतं!"

"नका ना. दिसतंय ना, बास झालं."

आता मात्र मी फाडफाड बोलणार होते. तेवढ्यात वैशालीनं मान वर केली. नवऱ्यासमोर पहिल्यांदाच बोलली. "मॅडम, मोजा. आन् मोठ्यानं सांगा."

दादा गर्रकन भिंतीकडे वळले आणि त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

मी मोजलं. "आठ एमएम! दिवसांप्रमाणे अगदी बरोबर!"

वैशालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ती हसत होती. भिंतीकडून दादा ओरडले, "झालं का मोजून?"

मी त्यांच्या खांद्याला हात लावणार, तर वैशालीनं माझा हात धरला.

"राहू द्या त्यांना तसंच," ती म्हणाली. "मॅडम, परत एकदा सांगा."