ओल्या मातीखालची कबर

तोलेपबेर्गेनने एकोणीस वर्षं रडार ओढलं. चाकांवरचं खोकं जमिनीत लहरी सोडी आणि परत आलेल्या लहरी पडद्यावर दाखवी. किझिलोर्दा शहराभोवतीचे गाडलेले नळ त्याने शोधले, तशा बेवारस कबरीही. मुडद्यासाठी बाजूला कोरलेला कोनाडा पडद्यावर कमानीसारखा उमटतो.

अराल्स्कला एका म्हाताऱ्याला त्याने एकदा नुसत्या अंदाजाने कबरीची जागा दाखवली होती. तो माणूस मरेपर्यंत दर शुक्रवारी तिथे दुआ करत होता, हे कळल्यापासून तोलेपबेर्गेनने अंदाज सांगणं सोडलं.

ऐंशी वर्षांच्या बिबिगाइशाने त्याला बोलावलं, ते बापाची कबर शोधायला. दुष्काळात गाव सोडून जाताना तो वाटेतच मेला होता. 'त्याच्या कबरीची मूठभर माती माझ्यावर टाक,' असं मरताना आईने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. जागा एवढीच माहीत होती: कालव्यालगतचा खारट मातीचा पट्टा. तोलेपबेर्गेनने फोनवर एवढंच सांगितलं होतं, झुडपं काढून ठेवा.

तो पोचला तेव्हा पट्टा चिखलाने चकाकत होता.

"पाणी कुणी सोडलं?"

"मीच, आगा," तिचा पुतण्या दाउइत अभिमानाने म्हणाला. "दोन दिवस भिजवलंय. कबर खणायच्या आधी आम्ही असंच करतो, नाहीतर कुदळ उडते. तुम्ही जागा दाखवली की लगेच खणता येईल."

तोलेपबेर्गेनने खोकं चिखलात उतरवलं. तासभर त्याने रडार चिखलातून ओढलं. वीतभर खोलीखाली पडदा सगळीकडे सारखाच करडा. ओली खारट माती लहरी पिऊन टाकते.

दाउइत कुजबुजला, "कुठेही बोट दाखवा, आगा. तेवढ्याने भागेल तिचं."

"भागेल. माझं नाही भागत."

म्हातारी बांधावर रुमाल उलगडून बसली होती.

"आपा, यात काही दिसत नाही."

"वाळल्यावर?"

"वाळायला हिवाळा उजाडेल. आता भिजून मीठही खोल उतरलंय. तेव्हाही दिसेल असं वाटत नाही."

तिने पुतण्याकडे पाहिलं. तो बुटाने चिखल उकरत होता.

"त्याला ओरडू नका," ती म्हणाली. "घरातल्या सगळ्यांच्या कबरी त्यानेच खणल्यात. माझीही खणेल, या हिवाळ्याआधीच."

तिने रिकाम्या रुमालाची चौघडी घातली आणि बाहीत खोवली.

"वर भेटल्यावर आईला मग तोंडानेच सांगेन, नाही मिळाली म्हणून."

तोलेपबेर्गेन चाकांवरचा चिखल खरवडत बसला. निघताना दाउइतने कालव्याच्या पाण्याचं दार बंद केलं. आता त्याचा उपयोग नव्हता.