नळापासून सत्तर

देवरावच्या तेरवीला म्हणून निघालो आणि एका अनोळखी बाळाच्या बारशाचं जेवून आलो.

बरं, नुसता जेवलो असतो तरी चाललं असतं. दारातल्या आजोबांचे दोन्ही हात धरून मी म्हणालो, "धीर धरा. जे झालं ते आपल्या हातात नव्हतं." आजोबा दचकले. म्हणाले, "तिसरी पोरगी झाली तरी आमाले आनंदच आहे गा!" दुःखात माणूस काहीही बोलतो, असं समजून मी पानावर बसलो. पाळणा सुरू झाला तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

चूक मोजणीची. गिरणीच्या भरभराटीत विणकरांनी टेकडीच्या उतारावर घरं बांधली, तो हा टेकडीपुरा. गिरणी गेली, पुरा राहिला. इथे घराचा नंबर कुणी विचारत नाही, पायरी विचारतात. देवराव सत्तरवाले. पण मोजायचं ते जुन्या नळापासून. खालच्या नऊ पायऱ्या रस्ता झाल्यावर आल्या, त्या पुऱ्यातली माणसं हिशेबात धरत नाहीत. मी रस्त्यापासून मोजल्या.

गिरणीत एका खात्यात उमेदीची वर्षं सोबत घालवलेल्या मित्राचं घर ठाऊक नाही? त्याच्या लग्नात गेलो होतो की! पण तेव्हाची कौलं आता कुठे उरलीत... आणि गेली दहा वर्षं मी तिसाव्या पायरीच्या वर चढलोच नव्हतो. रामदासपेठेत लिफ्टच्या घरात राहणारा माणूस. रविवारी त्या तिसाव्या पायरीजवळच्या कडुलिंबाखाली टेकायचं नि देवरावला मिस कॉल द्यायचा. तो काखेत मला बसायला लाकडी पिढा, हातात चहाचा थर्मास घेऊन हळूहळू उतरायचा.

"काहून उतरलास? मी येतच होतो."

"घरात लय गरम होऊन राहिलं गा."

हे तो जानेवारीतही म्हणायचा आणि मी जानेवारीतही मान डोलवायचो. वर, रिकामपणाला कंटाळलेल्या माणसाला आपण सोबत देतो म्हणून स्वतःवर खूशही असायचो. शेवटच्या रविवारी मात्र थर्मासचं झाकण लावता लावता तो म्हणाला, "बाबाचा माग पुन्हा लावला. काठ विणून राहिलो. एकदा वर ये ना, पाहाले." मी म्हणालो, "पुढच्या रविवारी नक्की." पुढच्या रविवारी मी पुण्याला लेकीकडे होतो, आणि फोन आला तो त्याच्या बायकोचा, शकुनवहिनींचा. खांदा द्यायलाही पोचलो नाही. म्हणून तेरवीला तरी त्याच्या दारापर्यंत चढायचंच, असं ठरवलं होतं... ते असं चढलो.

उरलेल्या नऊ पायऱ्या चढून गेलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. वहिनींनी न विचारता पान वाढलं, आणि बारशाची बुंदी पोटात असताना मी निमूट दुसऱ्यांदा जेवलो. समोरच्या खोलीत माग होता. हातभर विणलेला काठ, पुढे नुसते ताणलेले धागे. दाराशी माझा पिढा उभा करून ठेवलेला. मागाच्या खांबाला गुडघ्यांना बांधायचे दोन पट्टे लटकत होते, घामानं काळवंडलेले.

"हे कुणाचे, वहिनी?"

"त्याईचे. दहा वर्सं झाले. डॉक्टरनं पायऱ्या बंद सांगतल्या होत्या."

मी म्हणालो, "मी वर यायला हवं होतं... पण मला दम लागतो ना, म्हणून..."

वहिनींनी माझं ताट उचललं.

"हौ ना, भाऊजी. गुडघे त्याईचे गेले, अन् दम तुमाले लागत होता."