गडबची भिंत

दामू गेल्याचं मला पेणहून रोह्याला आलेल्या एसटीच्या कंडक्टरने सांगितलं. त्याच्याच गाडीच्या टपावरून माझ्या शिलाईच्या दुकानातली चिंध्यांची पोती दामूकडे जायची…

दामू पेणचा मूर्तिकार. गणपतीसाठी रद्दीचा लगदा करता करता त्याने त्यात चिंध्या आणि चुना घालून विटा पाडल्या, उन्हात वाळवल्या आणि घराची मागची भिंत उभी केली. सुमनवहिनी म्हणायच्या, "पावसात लगदा झाला, तर मी चालले माहेरी!" त्यांना जावं लागलं नाही. चिंध्या मात्र त्याला सुतीच लागायच्या. आल्यागेल्याच्या सदऱ्याचा दोरा ओढून तो काडीने पेटवायचा. राख झाली तर सुती, गोळी झाली तर टेरिकॉट. "गोळीवाला चुन्याला धरत नाय, टेलर. मला राखवालाच धाड."

मग पेणजवळच्या गडब गावच्या बालवाडीची भिंत बांधायचं काम त्याला मिळालं. केवढा हरखला होता! तो मे महिना होता, माझ्याकडे शाळेच्या गणवेशांची घाई होती. मी चिंध्या निवडायला बसलोच नाही, गणवेशाचं टेरिकॉट सुतीत तसंच कोंबून तीन पोती पाठवली. कापड बोटांनी ओळखणारा मी! आणि माझी पोती म्हणून दामूनेही तपासली नाहीत. श्रावणात भिंत फुगली आणि ढासळली. सुट्टी होती म्हणून मुलं वाचली. लोक म्हणाले, "गणपतीवाल्यानं भिंतीचं पण विसर्जन केलं!" दामू त्यांच्याबरोबर हसला, पण पुन्हा कुणासाठी वीट पाडली नाही. चारचौघांत मी म्हणालो, "चुना कमी पडला असेल…" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. त्यानंतरही दर महिन्याला मी पेणला जायचो, गप्पा मारून परत यायचो. सांगायचं राहून जायचं. राहून जायचं कसलं, मीच टाळायचो.

बाराव्याला गेलो तेव्हा वहिनींना सगळं सांगितलं. त्या उठल्या आणि मागच्या भिंतीतल्या कोनाड्यातून विटेचा एक तुकडा घेऊन आल्या. गडबच्या भिंतीचा. त्यातून गणवेशाचा निळा दोरा लोंबत होता.

"त्यांना तवाच कळलं व्हतं. मला म्हणाले, टेलरला बोलू नको गो, लाजंल आन् यायचा बंद होईल."

गडबची भिंत दामूच्या चुन्यामुळे पडली नाही, माझ्या चिंध्यांमुळे पडली. हे तेव्हाच चारचौघांत सांगायला हवं होतं.

कोनाड्यात त्याची काडेपेटी तशीच होती. मी तो निळा दोरा ओढला आणि पेटवला. गोळी झाली.