विनिताचा पेपर

मुरुडच्या कोळीवाड्यातली हरेश्वरची मुलगी विनिता दिसायला धडधाकट होती, आणि तिथेच सगळं अडायचं. शाळेत असतानाच संधिवाताने तिची बोटं धरली. सकाळी मुठी वळायच्या नाहीत, वेणीसुद्धा आई कोकिळाच घालून द्यायची. दुपारी मात्र तीच पोरगी हसतखेळत बाजारात दिसायची. मग बायका म्हणायच्या, "हिला काय झालंय? नाटकं हायत सगळी."

म्हणून कॉलेजात तिने कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या पेपरात तिसऱ्याच प्रश्नाला बोटं आखडली. उत्तरं सगळी येत होती. पेन हातातून सुटलं, आणि घंटा होईपर्यंत ती कोऱ्या पानाकडे बघत बसली. नापास झाली.

"बस झालं आता बाय," हरेश्वर कळवळून म्हणाला. "जिवाचे हाल न्हाय बघवत. घरी ऱ्हा."

पण इतिहास शिकवणाऱ्या तांडेल मॅडमनी तिला बोलावून घेतलं. "वर्गात घडाघडा सांगतेस. मग पेपर अर्धा कसा?"

विनिताने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मॅडमनी सुजलेले सांधे नीट निरखून पाहिले.

"लेखनिक मिळतो, वेळही वाढवून मिळतो, एवढं मला माहीत आहे. नियम विचारून घेते. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी अलिबागला सरकारी दवाखान्यात जावं लागेल. येईन मी तुझ्याबरोबर."

त्या खरंच आल्या.

लेखनिक मिळाली ती बारावीतली पूर्वी नावाची मुलगी. पण उत्तर लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याला सांगणं वेगळं. विनिताची वाक्यं एकमेकांत गुंतायची. मग बोंबील वाळत घालणाऱ्या आईपुढे उभं राहून ती उत्तरं सांगायला लागली. कोकिळा मध्येच हात थांबवून म्हणायची, "कोन कुनाशी लढला ते पयलं सांग गो, माना काय समाजला न्हाय." आणि विनिता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

परीक्षेत एका उत्तराशी ती अडखळली. दोन कारणं सांगून झाली होती, तिसरं काही केल्या आठवेना. पूर्वीचं पेन मात्र पुढे धावलं.

"थांब. हे मी नाही सांगितलं."

"अगं ताई, बरोबर आहे ते! मार्क वाढतील," पूर्वी कुजबुजली.

"मला आठवलं नव्हतं. खोड ते."

पूर्वीचा चेहरा पडला. विनितालाही ते मार्क सोडवत नव्हते. पण इतके दिवस लोक तिच्या दुखण्याला खोटं म्हणत आले होते. आता पास होणंही खोटं ठरलं तर तिच्याजवळ काय उरणार होतं? पूर्वीने ओळ खोडली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "सांग पुढे."

विनिता पास झाली. पहिला वर्ग नाही मिळाला, पण पदवी झाली.

आज ती त्याच कॉलेजात, आजारी-अपंग मुलांसाठीच्या मदत केंद्रात काम करते. हात अजून दुखतातच. गेल्या महिन्यात किहीमचा पियूष आला होता, फिट्स येणारा. आधी "मला काही नको" म्हणून दारातच उभा राहिला. तिने आजाराचं नावही काढलं नाही. त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "दिवसातली कुठली वेळ जड जाते?"

त्याने कप जवळ ओढला. मग म्हणाला, "दुपारची. गोळीने झोप येते, आणि प्रॅक्टिकल नेमकं तेव्हाच असतं."

विनिताने त्याच्या शिक्षकांशी बोलून घेतलं, आणि पुढच्या सोमवारपासून पियूष प्रॅक्टिकलला सकाळच्या तुकडीत बसायला लागला.