लेण्यांच्या वळशावरचं स्थळ

मुलगी बघायला कुणी आलं की बाकीच्यांच्या घरी पोह्यांवर भागतं. आमच्याकडे पोहे झाले की बाबा पाहुण्यांना त्रिरश्मी लेण्यांवर नेतात. पायऱ्यांनी वर चढायचं, लेणी बघायची, डोंगराला मागून वळसा घालायचा आणि पलीकडून खाली उतरायचं. मुलगा-मुलगी पुढे, मोठी माणसं मागे. चालता चालता मोकळं बोलणं होतं, असं बाबांचं म्हणणं. मला मात्र एवढंच माहीत होतं, की त्या पायवाटेवर मागे फिरायला जागा नसते.

हे चौथं स्थळ. आधीच्या तिघांना मी नाही म्हटलं होतं. आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "आता पुरे झालं. मुलगा चांगला आहे. मी मनातून हो म्हटलंय." मला लग्नच नको होतं असं नाही. पण माझ्या वतीनं दुसऱ्यानं मनातून हो म्हटलेलं नको होतं. मुलगा आणि त्याची आई सायखेड्याहून आले. पायथ्याशी बाबांनी गाडीची डिकी उघडली तर पाण्याच्या बाटल्यांशेजारी पेढ्यांचा बॉक्स. अजून मला कुणी काही विचारलंही नव्हतं.

वर बाबा रंगात आले. दोन हजार वर्षांपूर्वी लेणी खोदायला कुणी कुणी दान दिलं, पावसाळ्यात भिक्खू इथं कसे राहायचे, सगळं साग्रसंगीत. मुलाची आई बुद्धांसमोर हात जोडून बराच वेळ उभी होती. मी भिक्खूंच्या खोल्यांत डोकावत राहिले. जेमतेम एका माणसापुरती खोली, झोपायला दगडी ओटा. खरं सांगते, मला हेवा वाटला. त्यांना कुणी बघायला येत नसणार.

मग मागची वाट लागली. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला वाळक्या गवताचा उतार, खाली हायवेची घरघर. मुलगा दोन पावलं पुढे चालत होता. मग मागे बघून घेऊन म्हणाला, "राग मानू नका. माझं एक आहे, कॉलेजपासून. जातीबाहेरची आहे, घरी सांगायची सोय नाही. तुम्हीच नाही म्हणा ना."

"मीच का?"

"तुम्ही आधी पण म्हणलंय ना."

असा संताप आला. माझे नकार म्हणजे जसा काही चौकातला नळ, कुणीही यावं आणि हंडा भरून न्यावा. मी म्हटलं, दोघांनी मिळून सांगू. तो "हो हो" म्हणाला. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "जमतंय वाटतं पोरांचं." पुढे तो, मागे ते, मध्ये मी. जरा टेकावं म्हटलं तरी अख्खी रांग थांबली असती. आणि चालत राहावं तर पेढे जवळ येत होते.

खाली पोचल्यावर बाबांनी बॉक्सची दोरी सोडायला घेतली. मी म्हटलं, "बाबा, थांबा. आमचं दोघांचंही नाही आहे."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. तो बुटातला खडा काढत होता. "मी तर असं काही बोललो नाही," तो म्हणाला.

बाबा म्हणाले, "ऊन लागलंय तुला. पाणी पी."

"मग माझं एकटीचं नाही धरा," मी म्हटलं. बाबांनी दोरी पुन्हा बांधली, गाठीवर गाठ.

गाडी एकच. पाहुण्यांना निमाणीच्या स्टँडवर सोडायचं होतं. बाबा चालवत होते, शेजारी तो, मागे त्याची आई आणि मी. काच खाली करायचीही मला हिंमत होईना. त्याच्या आईनं माझा हात हातात घेतला. वाटलं, आता ही रडणार. पण ती कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, त्याचं एक हाय, मला ठावं हाय. तू लय खमकी वाटली. तू आली असती तर सुटला असता त्यातून."

मी हात सोडवून घेतला.

"तुझ्या वडलांना बी सांगितलं व्हतं मी," ती म्हणाली. "ते म्हणले, लग्न झालं की व्हईल नीट."

मी समोरच्या आरशात पाहिलं. बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी नजर काढून घेतली. गाडी द्वारका चौकात थांबली होती, आणि मला दार उघडून तिथंच उतरायचं होतं. सिग्नल सुटला. बाबांनी गिअर टाकला.