मल-सुनचं नाक

मल-सुनचं पोट दुखत होतं, आणि त्यावर अख्ख्या सोल शहरात कुठल्याही दुकानात गोळी मिळत नव्हती. गायक गु-योंगनं नव्या गाण्याची फिल्म बो-रामला करायला दिली होती. बो-रामला! रिळाचं टोक कसं धरायचं तेही जिला मल-सुननंच शिकवलं, त्या पोरीला!

बरं, हे तिला सांगितलं कुणी? गु-योंगनं? छे! केमिकलच्या दुकानदारानं. "तुमच्या चेलीचं नशीब फळफळलं बरं का, बाई," असं म्हणाला मेला. मल-सुननं "आनंद आहे" म्हणून दात दाखवले.

तसं तिचं बरं चाललं होतं. सकाळी उल्जिरोच्या नाक्यावर किम्बाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, विकायच्या, दुपारी तळघरातल्या डार्करूममध्ये उतरायचं. पूर्वी ती फिल्म धुण्याच्या कारखान्यात होती. तो बंद पडला, पण हाताची खोड जाईना. मग तिच्यासारखेच काही वेडे जमले, भाडं वाटून घेतलं आणि किम्चीचं लोणचं घालायच्या लाल टपात फिल्म धुवायला लागले. गु-योंगला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हाची त्याची गाणी तिनंच चावीच्या कॅमेऱ्यावर घेतली. तिचेच किम्बाप खाऊन उभा राहिला तो. आता जरा लोक ओळखायला लागले, तर साहेबांना ताजी नजर हवी!

बो-रामनं शूटिंग केलं लोहारांच्या जुन्या गल्लीत, आणि दुसऱ्या दिवशी ती गल्ली बुलडोझरनं पाडली. म्हणजे जे काय होतं ते तेवढ्या फिल्ममध्ये. पुन्हा घेऊ म्हटलं तरी आता तिथे भिंत नव्हती. आणि एवढं करून ही बया धुवायला मदतीला कुणाला बोलावते? तर मल-सुनला.

"ताई, तुम्ही असल्याशिवाय मी टपात हात घालायची नाही," बो-राम शिंकत म्हणाली. "बघा ना, ऐन वेळेला सर्दी. नाक ठार बंद आहे."

"मोठी माणसं झालात आता. सर्दीपण मोठीच व्हायची."

"चिडवू नका हो!"

"मी कशाला चिडवू? मी आपली किम्बाप विकणारी बाई."

डार्करूममध्ये स्टुलाच्या दोन बाजूंना दोन टप. एकात डेव्हलपर, म्हणजे काळी कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिनची पूड. एका शहाण्यानं एकदा त्यात दूध-साखरवाल्या कॉफीच्या पुड्या ओतल्या होत्या, फिल्मची खीर झाली. दुसऱ्या टपात हायपो, उमटलेलं चित्र पक्कं करायला. आधी कॉफी, मग हायपो. उलट झालं तर चित्र उमटायच्या आधीच धुऊन जातं आणि हातात कोरी पट्टी राहते. अंधारात टप ओळखायचे नाकानं: कॉफीला ओल्या मोज्यांचा वास, हायपोला आंबलेल्या किम्चीचा. घड्याळही दिसत नाही, म्हणून वेळ मोजायला गाणं तीनदा म्हणायचं. ज्या गाण्याची फिल्म, तेच गाणं. बो-राम फिल्म ढवळणार आणि मल-सुन ते गाणं म्हणणार. म्हणजे घ्या! लग्न दुसरीचं आणि मंगलाष्टकं हिनं म्हणायची.

बो-रामनं रबरी हातमोजे चढवले आणि दिवा मालवला. रीळ उलगडताना बो-रामच्या हातून डब्याचं झाकण पडलं आणि गडगडत गेलं. ती चाचपडत त्याच्यामागे गेली, आणि परत स्टुलावर बसली ती कुठे तोंड करून, ते तिलाच कळेना.

"ताई, मी फिरले हो! कॉफी कुठल्या बाजूला? मला कसलाच वास येत नाहीये."

मल-सुन वाकली. बो-रामच्या उजव्या हाताला आंबूस भपकारा. हायपो. शंकाच नको. डावीकडे कॉफी. एक शब्द बोलायचा होता, झालं. पण तिला दुकानदाराचं हसू आठवलं, आणि आतून असं काही भडकलं की वाटलं, होऊ दे कोरी! कळू दे गु-योंगला ताजी नजर काय भावानं पडते.

तिनं बो-रामच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. "या बाजूला."

अंधारात रबर फटकन वाजलं. मग पाणी डुचमळलं. "म्हणा, ताई."

मल-सुन गायला लागली. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा म्हणताना तिला बरं वाटलं. गाणं गल्लीतल्या म्हाताऱ्या लोहारावर होतं. दुसऱ्यांदा म्हणताना तो म्हातारा डोळ्यांसमोर आला. रोज सकाळी तिच्याकडून किम्बाप घ्यायचा, आणि "मीठ कमी" म्हणून कुरकुरायचा. तोही होता त्या फिल्ममध्ये. तिसऱ्यांदा 'थांब' अगदी ओठांवर आलं, पण आता थांबून काय उपयोग? हायपोनं केव्हाच खाल्लं असेल. तिनं गाणं शेवटपर्यंत म्हटलं.

मग दुसरा टप, मग साधं पाणी, मग दिवा.

बो-रामनं पट्टी उचलून दिव्यासमोर धरली. हातोडा उगारलेला लोहार, मागे गु-योंग, ठिणगी न् ठिणगी वेगळी. हुश्श म्हणेपर्यंत मल-सुनला दिसलं की असं चित्र तिच्या हातून जन्मात निघालं नव्हतं, आणि पोट पुन्हा दुखायला लागलं.

तेवढ्यात तिची नजर खाली गेली. बो-रामचा एक गुलाबी रबरी हातमोजा जमिनीवर पडला होता. तिचा डावा हात मनगटापर्यंत कॉफीनं तपकिरी झाला होता.

"सोड्याचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं," बो-राम म्हणाली. तिनं मान वर केली नाही, फिल्म दोरीला चिमट्यांनी अडकवत राहिली. मग म्हणाली, "तुमचंही नाक चोंदलंय ना, ताई? माझीच सर्दी लागली असणार तुम्हाला."

एवढं चांगलं असायची काय गरज होती हिला? भांडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मल-सुननंही चार सुनावल्या असत्या आणि मन मोकळं झालं असतं. या पोरीनं तेवढंही तिला ठेवलं नाही.

"हो गं," मल-सुन म्हणाली, "सकाळपासूनच."

बो-रामनं खिशातला कागदी रुमाल पुढे केला. मल-सुननं तो घेतला, आणि बो-राम समोर उभी होती तोवर आपलं ठणठणीत कोरडं नाक शिंकरत राहिली.